लष्कराचं कसब शेजाऱ्यांच्या मैत्रीसाठी वापरावं का?

औंधकर :
मार्च २०२३ मध्ये आमच्या पुण्यातल्या औंधला ‘अफिंडेक्स’ हा लष्करी सराव झाला. आफ्रिकेतल्या २५ देशांचे १२४ जण आले होते. विषय दोन, सुरुंग काढणं आणि शांतिसेनेचं काम. युद्ध थांबल्यावर लागणारं हे कसब आपल्या सैन्याकडे भरपूर आहे : उखडलेला रस्ता सुरू करणं, दवाखाना उभारणं, भांडलेल्या दोन गावांना एका सतरंजीवर बसवणं. माझ्या मते शेजारी देशांशी शांततेच्या काळातली मैत्रीची मुख्य वाट हीच असावी. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला, त्याच दिवशी आपली विमानं काठमांडूत उतरली. एवढं झटपट दुसरं कोण पोचणार?

रानवारा :
दादा, साफ चूक. संकटात धावून जाणं वेगळं आणि कायम तळ ठोकणं वेगळं. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतता राखायलाच गेलो होतो ना? १९९० च्या मार्चमध्ये परतलो तेव्हा हजारावर जवान गमावले होते आणि तमिळ, सिंहली दोघंही नाराज होते. मालदीवचंही तेच. आपली दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान लांबच्या बेटांवरून रोगी आणायची. पुण्यकर्मच! तरी लोकांना परका गणवेश खुपला. मे २०२४ पर्यंत जवानांना परत यावं लागलं.

औंधकर :
ते तिथलं निवडणुकीचं राजकारण होतं. बेटावर बाळंतीण अडली तर हेलिकॉप्टर कुणाचं हे कोण विचारतं?

रानवारा :
कुणी विचारत नाही, मान्य. म्हणूनच हेलिकॉप्टरं तिथेच राहिली. जवानांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. काम तेच, माणसं बिनगणवेशाची. माझा मुद्दा एवढाच आहे.

जुना सॅपर :
सॅपर म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचा जवान. खडकीत शिकलो, बावीस वर्षं नोकरी केली, म्हणून बोलतो. सुरुंग शोधणारा पोटावर झोपतो, सळई जमिनीला तीस अंशांत तिरकी धरतो आणि बोटभर बोटभर पुढे सरकतो. सुरुंग वरून दाबला की फुटतो, त्याला कुशीतूनच टोकायचं. सकाळभर राबून खाटेएवढी जागा मोकळी होते. हे कपाटातल्या फायलीतून येत नाही, पलटणीतच येतं. पण २००९ नंतर उत्तर श्रीलंकेत भारताच्या खर्चानं सुरुंग काढायला सात पथकं गेली, त्यांत निवृत्त सैनिक होते. आमच्या कंपनीतलेही दोघे. हातात बंदूक नाही. ज्या मुलखात आपल्याला शिव्या बसल्या होत्या तिथे बायका त्यांना चहा आणून द्यायच्या, कारण शेत परत मिळत होतं. पुढे तिथे भारताच्या पैशातून हजारो घरं उभी राहिली, तीही घरमालकांनी स्वतः बांधली, पैसे हप्त्यानं मिळत गेले. कसब फौजेचं, हुकूम तिथल्या माणसाचा. उलटं झालं की सत्यानाश.

रानवारा :
काका, हे पटलं. मग औंधकर, ‘मुख्य वाट’ हे शब्द मागे घ्या.

औंधकर :
‘मुख्य’ मागे घेतो. पण औंधचा सराव दरवर्षी व्हावा आणि शिकवायला असे निवृत्त सॅपर बोलवावेत, यावर ठाम आहे.