पण मालक दिसतो कुठं?
काही जण म्हणतात की मजूर आणि मालक समोरासमोर असतात, पगार पटला नाही तर मजूर काम सोडायला मोकळा. गिरणीपुरतं असेल ते, आमच्या बीडकडं ऊसतोडीत हे गणित बसतच नाही. इथं पैसा आधी आन काम नंतर. पावसाळ्यातच मुकादमाकडून (मजुरांची टोळी जमवून कारखान्याला पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घ्यायची, ती लग्नात, दवाखान्यात नाहीतर जुनं देणं फेडण्यात संपती, आणि दसरा-दिवाळी झाली की नवराबायको मिळून एक कोयता म्हणून ट्रॉलीत बसून निघायचं (कोयता म्हणजे जोडी बरं का, एकटा असला की अर्धा कोयता). आजारी पडून फडात (उसाच्या रानात) गेलं नाही तर खाडा, म्हणजे मजुरी बुडाली ती बुडाली, वर दंड. सीझन संपून उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. सोडून जाणार कुठं?

आणि मालक कोण म्हणायचा? कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो, मुकादम बऱ्याचदा स्वतःच आधी कोयता चालवलेला, आणि सहकारी कारखाना असला की कागदावर मालक सभासद शेतकरी, ज्याचं स्वतःचंच उसाचं बिल थकलेलं. आमचे मामा वीसेक वर्षं तोडीला गेले पण कारखान्याचं ऑफिस आतून कधी बघितलं नाही, सगळी भांडणं मुकादमाशीच. कोयता बंदची, म्हणजे तोड थांबवायची, आंदोलनं होतात, तोडीचा भावही वाढतो, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली. पण तोवर अर्धा सीझन उलटला होता आन उचल कधीच खर्च झालेली.