कागदाचं काय करायचं?
वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांबद्दल कुणीतरी म्हटलंय, 'योजना आहेत, या बायकाच पुढे येत नाहीत'. हे मत अजिबात पटलं नाही. आपल्या सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही संघटना १९९६ पासून याच बायका चालवतायत, अजून किती पुढे यायचं? अडतं ते कागदावर. मी झेरॉक्सच्या दुकानात असतो, मागे एक मावशी पिशवीत नुसते दवाखान्याचे केसपेपर घेऊन आल्या, घरमालक भाडेकरार देत नाही, लाइटबिल त्याच्याच नावावर, मग आधार काढायचं कशावर?

तर १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, पत्त्याचा पुरावा नसला तरी नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण सोसायटीच्या प्रकल्प संचालकाच्या प्रमाणपत्रावर आधार द्यायचं, आणि धंदा कळेल अशी कुठलीही खूण त्यात नको. मावशींनी हे माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, दोनदा वाचायला लावलं.