मदत हवी आहे: 'तारण' म्हणजे काय, हे कॉफी पिता पिता कसं सांगायचं?

बेळगावात कॅम्पाजवळच्या कॉफीच्या दुकानात रविवारी सकाळी सहा-सात जण तासभर ख्रिस्ती विश्वासावर बोलतात. मराठी, कन्नड, कोकणी बोलणारे. निम्मे ख्रिस्ती नाहीत. एका बैठकीला बायबलमधला लूक 15:11-32, उधळ्या पुत्राचा दाखला पुरतो (वाटणीचा पैसा उधळून बापाकडे परतलेल्या मुलाची गोष्ट): 22 वचनं, वाचायला चारेक मिनिटं.

अडतं ते 'तारण' या एका शब्दापाशी; ख्रिस्ती मराठीत त्याचा अर्थ देवाने पापापासून केलेली सुटका. रस्त्यावर 'सोनेतारण कर्ज' अशा पाट्या, त्यामुळे 'तारण' म्हटलं की गहाणच आठवतं. 'मोक्ष' म्हणावं तर जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, आणि ख्रिस्ती शिकवणीत पुनर्जन्मच नाही. 'मुक्ती' जवळचा, पण कशापासून, ते सांगावंच लागतं. कन्नडमधला 'रक्षणे' मराठी कानाला नुसती राखण वाटतो.

म्हणून आधी गोष्ट, शब्द नंतर. 'मला मजुरासारखा ठेवा' हे मुलाने मनाशी ठरवलेलं वाक्य बाप बोलूच देत नाही. झगा, अंगठी, जोडे मागवतो. इथे लोक गप्प होतात. पण पुढचा शब्द कोणता?

खानापूर, निपाणीकडे बोलीत काय म्हणता? पूर्ण वाक्य लिहा, नुसता शब्द नको.