४९८अ (बायकोचा छळ) मध्ये नवरा दोषी ठरला: कैद मागावी की परिवीक्षा (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर सुटका) आणि व्यसनमुक्ती?

नवा_वकील
घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेचंच कलम. मारहाण दारूच्या नशेत व्हायची. पहिलाच गुन्हा आहे, परिवीक्षा कायदा १९५८ च्या कलम ४ खाली सोडा, व्यसनमुक्ती केंद्रात पाठवतो, असं बचावपक्ष म्हणतोय. फिर्यादीला त्याला तुरुंगात घालायचं नाही, पण पुन्हा हात उचलणार नाही याची हमी हवी आहे. शिक्षेच्या सुनावणीत काय मागू?

सरकारपक्ष
कमाल शिक्षा ३ वर्षं, त्यामुळे कलम ४ ला अडसर नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आधी मागवा आणि त्यात फिर्यादी बायकोचा जबाब आहे का ते बघा; बरेचदा नवऱ्याच्या घरच्यांनाच विचारून तो लिहिला जातो. बंधपत्र (चांगल्या वागणुकीची लेखी हमी) जास्तीत जास्त ३ वर्षांचं, देखरेख किमान १ वर्षाची. ‘उपचार घेईन’ एवढ्यावर भागवू नका. केंद्र कोणतं, दाखल कधी व्हायचं, केंद्रातून सोडल्यावर तपासणीला किती दिवसांनी जायचं, दांडी मारली तर कोर्टाला कोण कळवणार, हे सगळं आदेशात हवं. खरी खोट परिवीक्षा कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. अट पहिल्यांदा मोडली तर कोर्ट ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र तसंच चालू ठेवू शकतं! मूळ गुन्ह्याची शिक्षाही देता येते, पण त्यासाठी कुणीतरी पाठपुरावा करावा लागतो.

डीव्ही_वकील
म्हणून नुसत्या बंधपत्रावर विसंबू नका. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २६ खाली याच कोर्टात, शिक्षा सुनावण्याआधी, कलम १८ चा संरक्षण आदेश मागा. तो मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिवाय तिने तो रद्द करण्याचा अर्ज करेपर्यंत आदेश टिकतो, बंधपत्रासारखी मुदत संपत नाही.

समुपदेशक
दारू सुटली की मारहाण थांबते, असं गृहीत धरू नका. पगार काढून घेणं, फोन तपासणं, माहेरी जाऊ न देणं हे शुद्धीतला माणूसही करतो. कॅलिफोर्नियात घरगुती हिंसेच्या गुन्ह्यात परिवीक्षा दिली तर ती किमान ३ वर्षांची असते आणि मारहाण करणाऱ्यांसाठीचा ५२ आठवड्यांचा वेगळा कार्यक्रम सक्तीचा. दर आठवड्याला २ तास, आणि नवरा-बायकोचं एकत्र समुपदेशन त्यात चालत नाही. तो शेजारी बसलेला असताना ती खरं बोलणारच नाही, म्हणून इथेही बैठका वेगळ्याच मागा. गळा दाबला असेल, हत्यार काढलं असेल किंवा आधीचा आदेश मोडला असेल, तर मात्र परिवीक्षेला ठाम विरोध करा.