चेंबरलेनइतकीच वेक फॉरेस्टचीही आठवण ठेवा

१९५७ च्या अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्याबद्दल म्हणतात, की नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं विल्ट चेंबरलेनच्या कॅन्सस विद्यापीठाला हरवलं. खरंय, पण नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या ३२-० (३२ विजय, एकही हार नाही) मोसमातला खरा घाम वेक फॉरेस्ट विद्यापीठानं काढला. एकाच मोसमात चार लढती! चौथी कॉन्फरन्स (म्हणजे दोघांच्याही विद्यापीठ-गटाच्या) स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, ६१-५९. तेव्हा कॉन्फरन्समधून फक्त या स्पर्धेचा विजेताच राष्ट्रीय स्पर्धेत जायचा. शेवटी नॉर्थ कॅरोलायनाच्या रोझेनब्लूथनं बास्केट आणि फ्री थ्रो साधला म्हणून निभावलं, नाहीतर तोवर अपराजित असूनही घरी बसावं लागलं असतं.

पुढे राष्ट्रीय स्पर्धेत मिशिगन स्टेटविरुद्ध बरोबरीमुळे तीन जादा डाव (ओव्हरटाइम), आणि दुसऱ्याच रात्री कॅन्सस सिटीत कॅन्ससविरुद्धच्या अंतिम सामन्यात पुन्हा तीन! अंतिम सामन्याच्या सुरुवातीच्या जंप बॉलला (दोघांमध्ये वर फेकलेला चेंडू उडी मारून मिळवायचा) नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक मॅकग्वायरनी सात फुटी चेंबरलेनसमोर सहा फुटांहूनही कमी उंचीचा टॉमी कर्न्स उभा केला. ते दृश्य मला फार आवडतं. रोझेनब्लूथ पाच फाउल होऊन बाहेर गेलेला. तिसऱ्या जादा डावात सहा सेकंद उरले असताना नॉर्थ कॅरोलायनाच्या जो क्विगनं दोन्ही फ्री थ्रो टाकले, आणि चेंबरलेनकडे जाणारा शेवटचा पासही त्यानंच उडवला. ५४-५३.