43 इंची टीव्ही घेतला म्हणजे चित्र ताणून 43 इंच भरलंच पाहिजे का?

पंगतवाला (धागाकर्ता)
आईबाबांच्या 1993च्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणली. रविवारी सगळे जमले, लावली, तर पंगतीतली ताटं अंड्यासारखी लांबट आणि आजी, जी आयुष्यभर काडी होती, ती चांगली गरगरीत. मी म्हटलं रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) चुकलाय तर काका म्हणे असूदे की, स्क्रीन भरलीय ना. मला नेमकं हेच खटकतं, ज्याच्या घरी जावं तिथे जुनी दूरदर्शनची मालिका असो की ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, सगळं लाटलेल्या पोळीसारखं पसरलेलं आणि कुणाला काही वाटत पण नाही. अहो कॅसेटचं चित्र 4:3, टीव्ही 16:9, दोन्ही बाजू मिळून पाव स्क्रीन काळी राहणारच. ताणलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांश रुंद होतो. माझं मत, काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. बोला.

खवचट_काकू
टीव्ही घेताना पाव भाग काळा राहील म्हणून दुकानदाराने पाव पैसे सोडले होते का? आमच्या सासूबाई 80च्या पुढे, त्यांना चेहरे मोठे दिसले पाहिजेत, रेशोशी त्यांना काय करायचंय. मी सरळ झूम करते. ताणत नाही हं, झूम. ताटं गोलच राहतात.

पंगतवाला
गोल राहतात पण अर्धी कापली जातात त्याचं काय. 4:3 झूम करून 16:9 भरलं की वरून खालून मिळून पाव उंची गेली. मी करून बघितलं, वरून बाबांचा फेटा गेला आणि खाली कोपऱ्यात कॅमेऱ्याने टाकलेली तारीख गेली. लग्नाच्या व्हिडिओत नवरदेवाचा फेटा नाही म्हणजे मग बघायचं काय?

खवचट_काकू
नवरदेवाचा चेहरा बघायचा 😄

सोल्डरगन
भांडण नंतर करा, आधी फाइल कशी आहे ते बघा. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा, टूल्समध्ये कोडेक इन्फर्मेशन असतं तिथे साइज दिसेल. 720 बाय 576 असेल तर ती मूळ पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) कॅप्चर, म्हणजे कॅसेटवरून जशीच्या तशी उतरवलेली. भागाकार केलात तर ते 4:3 पण येत नाही आणि 16:9 पण नाही, कारण तिथला पिक्सेल चौरसच नसतो, कुठल्या आकारात दाखवायचं हे फाइलमधली एक खूण सांगते. गोची अशी की काही टीव्हींचा यूएसबी प्लेअर ती खूण वाचतच नाही, मग लॅपटॉपवर बरोबर आणि टीव्हीवर वेडंवाकडं. अशा वेळी डीइंटरलेस करून (एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं जुळवून एक अख्खं करून) 768 बाय 576ला एन्कोड केलं, म्हणजे नवी फाइल बनवली, की झालं. डीइंटरलेस आधी हं, नाहीतर हलणाऱ्या हातांना कंगव्याचे दाते फुटतात.

पंगतवाला
1920 बाय 1080 दाखवतंय.

सोल्डरगन
मग दुकानवाल्याने "एचडी करून देतो" म्हणत ताणूनच दिलीय. व्हीएचएसमध्ये एचडी कुठून येणार, विहिरीतच नाही तर पोहऱ्यात कुठून. व्हीएलसीत ए दाबत जा, 4:3 आलं की ताटं गोल होतात का बघा. झाली तर टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 4:3 करून चालेल. कायमचं हवं असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲनामॉर्फिक (तीच चौरस नसलेल्या पिक्सेलची भानगड) बंद करून 1440 बाय 1080 द्या. आणि दुकानातून मूळ कॅप्चर मागून घ्या, डिलीट व्हायच्या आत.

रिळ_ते_रील
काकूंची एक बाजू घेतो, कधीकधी झूमच बरोबर असतं. चारही बाजूंनी काळं दिसतंय, मधे पोस्टकार्डाएवढं चित्र, असं बघितलंय ना? ते मूळचं रुंद चित्र, कुणीतरी 4:3मध्ये वरखाली पट्ट्या घालून बसवलेलं, आणि टीव्हीने परत बाजूला पट्ट्या लावलेल्या. तिथे झूम केलं तर काळंच कापलं जातं, चित्राचं काही जात नाही. पण सिनेमास्कोपला, म्हणजे 16:9पेक्षाही रुंद चित्राच्या सिनेमाला, झूम लावाल तर माझ्याशी गाठ आहे. 'कागज के फूल', 1959, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, तो 16:9 भरायला कापला की बाजूचा जवळपास पाव भाग गेला, म्हणजे कडेला उभा असलेला माणूस गायब, मधला हवेशी बोलतोय. मुळात 16:9 हाच 4:3 आणि स्कोप यांच्यातला तोडगा आहे, पट्टी इकडची नाहीतर तिकडची असणारच.

खवचट_काकू
तोडगा आहे तर मग मीही तोडगाच काढतेय. तुमचा कलेचा अभ्यास चालू द्या, दुपारी 2 ते 4 रिमोट सासूबाईंकडे असतो.

सोल्डरगन
अजून एक, 16:9ची फाइल असूनही कडा थोड्या कापल्या जात असतील तर तो ओव्हरस्कॅन, जुन्या डब्बा टीव्हीची सवय नव्यांनी उचललीय. तो बंद करायची सेटिंग म्हणजे जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट, कंपनीगणिक नाव वेगळं, ती एकदा शोधा.

पंगतवाला
अपडेट. 1440वाली फाइल झाली, ताटं गोल, आजी परत काडी, फेटा आणि तारीख दोन्ही जागेवर. बाबा खूश. आई दोन मिनिटं बघून म्हणाली, "टीव्ही लहान झाला का रे?"

खवचट_काकू
आईंना माझा नमस्कार सांगा.