राखाडी भिंतींपेक्षा पार्टिकल बोर्डाची काळजी वाटते

आजच्या नव्या घरांतलं काय पुढे जुनाट वाटेल, अशी चर्चा चाललीय. राखाडी भिंती आणि फॉल्स सीलिंगमधल्या निळ्या लाइटच्या पट्ट्या पुढच्या पिढीला जुनाट वाटतील असं त्यात कुणी म्हटलंय ते पटलं, पण रंग काय दोन दिवसांत बदलता येतो. मला जास्त खटकतं ते बंगल्याच्या दर्शनी भागाला ठोकलेलं एसीपी (अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे पॅनल) आणि न उघडणाऱ्या मोठ्या काचा. सांगलीत एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, पश्चिमेला अशी काच असली की दुपारी एसी लावल्याशिवाय हॉलमध्ये बसवत नाही, साधा छज्जा आणि उघडणारी खिडकी का काढली कुणास ठाऊक.

त्याहून वाईट म्हणजे पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या फळ्यांचं, मॉड्युलर किचन. २००५, २०१९, २०२१, तिन्ही महापुरांत सांगलीत कृष्णेचं पाणी घरांत शिरलंच की. २०१९ ला पाणी ओसरल्यावर गावभागात एका ओळखीच्यांकडे साफसफाईला गेलेलो, ट्रॉल्यांच्या कडा भाकरीसारख्या फुगलेल्या, लॅमिनेट सुटून लोंबतंय, बिजागरीचे स्क्रू ओल्या भुशात धरतच नव्हते, सगळं उचलून रस्त्यावर. शेजारच्या जुन्या घरातला कडप्प्याचा ओटा आणि खालच्या कडप्प्याच्याच फळ्या मात्र चिखल धुतला की परत वापरात. तरी लोक तळमजल्यावर पुन्हा तेच बोर्ड लावतात, बघून जीव तुटतो हो. निदान खालची कपाटं तरी कडप्पा नाहीतर स्टीलची करा, शटर अ‍ॅल्युमिनियमचं चालतंय.

ओपन किचनची मला एवढी काळजी वाटत नाही, मिरची भाजायला घेतली की लोक आपणच सरकतं दार बसवून घेतात.